कानबाई पाटिया

आम्ही राहतो त्या जागेला आता नाव आहे. रिक्षावाले ते नाव ओरडतात, पार्सलवाले फोनवर तेच विचारतात, आणि एसटीचा कंडक्टर त्या नावाचं तिकीट फाडतो. हे नाव माझ्या सासूने चालत्या रिक्षात, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून ठोकून दिलं. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला माहीत.

सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आत्याबाई धुळ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सुरतेला आल्या त्या थेट लिंबायतमध्ये. सासरे लूमच्या खात्यात कामाला होते. दोन खोल्यांत चार मुलं वाढली, आणि त्या दोन खोल्यांइतकीच समोरची गल्लीही आत्याबाईंची होती. त्यांना शिंक आली तर तीन घरांतून विचारणा व्हायची. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते, आणि गल्लीतल्या बायकांना माझ्या आधी माझी रजा कळायची.

मग आम्ही बारडोलीच्या रस्त्याला रो-हाऊस घेतलं. नवरा भरतकामाच्या मशीन दुरुस्त करतो. त्याच्या हाताला काम होतं, बँकेने कर्ज दिलं, आणि एका दिवाळीनंतर आम्ही उसात राहायला गेलो. उसात म्हणजे अगदी उसातच. तिन्ही बाजूंनी उंच ऊस, चौथ्या बाजूला रस्ता, आणि मध्ये एकसारख्या घरांच्या चार रांगा. सोसायटीचं नाव तीन इंग्रजी शब्दांचं होतं. ते तिन्ही शब्द एकापाठोपाठ योग्य क्रमाने म्हणू शकेल अशी बाई सोसायटीत नव्हती. पुरुष म्हणायचे, पण प्रत्येक जण वेगळं.

अलीकडचं गाव दीड कोस, पलीकडचं तेवढंच. आम्ही मधे. त्यामुळे शटल रिक्षावाल्यांच्या दृष्टीने आम्ही नव्हतोच. कडोदऱ्याला रिक्षा बदलायची, पुढच्या रिक्षात चार-पाच जणांत अंग चोरून बसायचं, आणि ‘त्या नवीन घरांपाशी थांबवा’ असं म्हणायचं. रिक्षावाला मान हलवायचा आणि पलीकडच्या गावात नेऊन सोडायचा. तिथून उन्हात उलटं चालत यायचं. आत्याबाईंचा उजवा गुडघा दुखायचा. तरी त्या दर आठवड्याला लिंबायतला जायच्या, कारण इथे त्यांच्याशी बोलायला फक्त ऊस होता, आणि तो वारा सुटल्याशिवाय तोंड उघडत नव्हता.

एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना घेऊन परत येत होते. त्यांच्या मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या. रिक्षावाला नवा होता. त्याने आरशात बघत विचारलं, “मासी, क्यां ऊतरवानुं?”

“कानबाई पाटिया,” आत्याबाई म्हणाल्या.

या भागात हमरस्त्यावरच्या थांब्याला पाटिया म्हणतात. गावाच्या नावाची पाटी असते तिथे उतरायचं, म्हणून पाटिया. कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी, श्रावणात घरोघर बसते ती. पण या दोन शब्दांचा या रस्त्यावर कधीच संबंध आला नव्हता. मी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांनी मेथीच्या आडून माझ्या पायावर पाय ठेवला आणि अहिराणीत म्हणाल्या, “तू उगी ऱ्हाय. नाव ठेवाले पैसा लागस का?”

रिक्षावाल्याने ‘हां’ म्हटलं. या रस्त्यावरचा एक थांबा आपल्याला ठाऊक नाही हे चारचौघांत कबूल करणारा रिक्षावाला अजून जन्माला यायचा आहे. शेजारी फायली घेऊन बसलेल्या एका गृहस्थांनी तर, मागच्या महिन्यात आपण तिथेच उतरलो होतो असं सांगून टाकलं. आमची घरं दिसली तसं आत्याबाई म्हणाल्या, आलं बघ कानबाई पाटिया. रिक्षा बरोबर दारासमोर थांबली. त्या उतरल्या, पदर सारखा केला, आणि घरात जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्यावर मात्र इतक्या हसल्या की मेथी निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं की ही एका दिवसाची गंमत. दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी सोसायटीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमवल्या. त्यात सौराष्ट्रातल्या होत्या, ओडिशाच्या होत्या, उत्तर प्रदेशच्या होत्या, आमच्याकडच्या दोघी-तिघी होत्या. आत्याबाईंचं गुजराती बाजारापुरतं आणि हिंदी त्याहून बेताचं, पण सांगायचं होतं ते सगळ्यांना समजलं. कुठूनही या, रिक्षात बसताना दुसरं काही म्हणायचं नाही. फक्त कानबाई पाटिया. कुणी ‘ते कुठे’ असं विचारलं तर त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायचं. हे कीव आल्यासारखं बघणं त्यांनी करूनही दाखवलं.

ओडिशाची बाई ‘कन्नबाई’ म्हणायची, आणि उत्तर प्रदेशची एक जण ‘कानाबाई’. चाललं. दोन महिन्यांत रिक्षावाले स्वतःच ओरडायला लागले.

मी या सगळ्यापासून लांब राहायचं ठरवलं होतं. शिक्षिका आहे मी. तिसरीच्या मुलांना ‘खरे बोलावे’ शिकवते. मग गॅसची जोडणी इकडे बदलून घ्यायची वेळ आली. अर्जात पत्त्याखाली एक रकाना होता, जवळची ठळक खूण. जवळ ऊस होता. मी पेनचं टोपण चावत थोडा वेळ बसले आणि लिहिलं, कानबाई पाटियासमोर. सिलिंडर तिसऱ्या दिवशी आलं. आत्याबाईंनी नुसतं सिलिंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

पाटीची कल्पनाही त्यांचीच. त्यांचं म्हणणं, आतापर्यंत आपण पाटी नसताना पाटिया म्हणत आलो, ते खोटं होतं; पाटी लावली की खोटं संपलं. नवऱ्याच्या ओळखीत टेम्पोवर अक्षरं काढणारा एक पेंटर होता. त्याने पत्र्यावर पिवळ्या रंगात, काळ्या गुजराती अक्षरांत नाव लिहून दिलं, आणि टेम्पोच्या सवयीने खाली दोन गुलाब काढले. रविवारी दुपारी रस्ता सामसूम असताना नवऱ्याने ती पाटी रस्त्यापलीकडच्या बांधावर लोखंडी पाइपला बसवली. मी खिडकीतून राखण करत होते. या उद्योगात मी कधी ओढली गेले ते माझं मलाच कळलं नव्हतं.

बांध अर्थातच कुणाचातरी होता.

चौथ्या दिवशी तो कुणीतरी आला. सत्तरीचे एक काका, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, जुनी मोपेड. आमच्या घरांची जमीनही पूर्वी त्यांचीच होती. पलीकडचा उसाचा तुकडा तेवढा राहिला होता. त्यांनी पाटीपुढे उभं राहून नाव वाचलं, मागे जाऊन पाइप हलवून बघितला, आणि सरळ आमच्या दारात आले. कारण रस्त्यावरून पाहिलं तर राखण करायला सोयीची खिडकी एकच होती, आमची.

 आत्याबाईंनी त्यांना खुर्ची दिली, मला चहा ठेवायला सांगितलं, आणि पुढचं बोलणं त्यांच्या बाजारी गुजरातीत झालं. काकांनी विचारलं, ही पाटी कुणाची? आत्याबाई म्हणाल्या, सगळ्यांची. काकांनी विचारलं, ही कानबाई कोण?

स्वयंपाकघरात माझ्या हातात साखरेचा चमचा तसाच राहिला. परक्याच्या बांधावर आपली देवी न विचारता बसवली, असं तर सांगता येणार नव्हतं. आत्याबाईंनी एक श्वास घेतला आणि सांगितलं की एक बाई होती. फार जुन्या काळची. या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी पाजायची.

 मी चहा घेऊन बाहेर आले तर काका रस्त्यापलीकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, “हो. माझी आजी बोलायची तिच्याबद्दल.”

त्यांनी बशीत ओतून चहा संपवला, पाइप जरा वाकडा बसलाय, माणूस पाठवून सरळ करून देतो, असं सांगितलं आणि गेले. आत्याबाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गोंधळलेलं बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, खरंच कोणी होती की काय?

पाटी सरळ झाली आणि त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पाटीखाली माणसं उभी राहायला लागली, म्हणून खमण-लोचो विकणारी लारी, म्हणजे हातगाडी आली. लारीपाशी मोटरसायकली थांबायला लागल्या, म्हणून पंक्चरवाला आला. मग मोबाइल दुरुस्तीवाला, मग औषधांचं दुकान, मग औषधं आहेत म्हणून डॉक्टर. कानबाई नास्ता हाउस, कानबाई टायर, कानबाई मेडिकल. डॉक्टरांच्या पाठोपाठ एक दंतवैद्य आले, त्यांनीही नावात कानबाई घातली, आणि आत्याबाईंना देवीच्या नावाने दात उपटलेले मुळीच आवडले नाहीत. मागच्या शेतात आणखी एक सोसायटी उठली, तिच्यामागे तिसरी. कधीतरी कुणीतरी मोबाइलच्या नकाशातही नाव टाकलं. एसटी थांबायला लागली तेव्हा पहिल्या दिवशी सोसायटीतल्या बायकांनी ड्रायव्हरला नारळ दिला. सकाळी धुक्यात आणि उसाच्या वासात दार उघडायची सवय झाली होती. आता दार उघडलं की तेलाचा वास यायचा आणि कुणीतरी हॉर्न वाजवत असायचं. मला पहिल्या दिवसांची आठवण यायची. आत्याबाईंना अजिबात यायची नाही. त्यांचं लिंबायतला जाणंच हळूहळू सुटलं, कारण कोथिंबीर आणायला बाहेर पडल्या तरी परतायला त्यांना तास लागायचा.

मग एक दिवस अलीकडच्या गावच्या सरपंचबाईंचे यजमान घरी आले. सरपंच त्या होत्या; बोलायला मात्र हे यायचे. त्यांनी आनंदाची बातमी दिली. पाटियावर पंचायतीतर्फे कमान उभी राहणार होती, आणि कमानीच्या खांबावर संगमरवरात गावाचा इतिहास कोरायचा होता. कानबाईचा. तुम्ही शिक्षिका आहात बेन, तर दहा-बारा ओळी तुम्हीच लिहा, आणि उद्घाटनाला तुम्हीच वाचा.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाई आतून म्हणाल्या, लिहील की.

ते गेल्यावर मी चिडले. म्हटलं, रिक्षावाल्याला फसवणं वेगळं आणि दगडावर कोरणं वेगळं. मी शाळेत कुठल्या तोंडाने उभी राहू? आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की आपण कशाला काही बनवायचं, त्या काकांना विचार, त्यांच्या आजीला माहीत होतं ना.

मी काकांकडे गेले. त्यांनी मला ओसरीत झोपाळ्यावर बसवलं आणि तासभर सांगितलं. कानबाई उंच होती. एका डोळ्याने अधू होती. तिच्या दारात लिंबाचं झाड होतं, खाली पाण्याचे माठ. बैलगाडीवाल्यांना आधी बैलांना पाजायला लावायची, मग माणसांना. एका दुष्काळात तिने विहीर गावाला खुली केली. काका न अडखळता सांगत होते आणि मी लिहून घेत होते. मधेच मी विचारलं, डावा डोळा की उजवा? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, डावा. त्या थांबण्यात मला सगळं कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तोवर मलाही ती बाई दिसायला लागली होती.

उद्घाटनाला मांडव घातला होता. कमानीला झेंडूच्या माळा, लाउडस्पीकर, पुढे खुर्च्यांवर मोठी माणसं, काका त्यांच्यात. आत्याबाई पहिल्या रांगेच्या कडेला बसल्या होत्या, गुडघ्यासाठी पाय लांब करून. मी माइकपुढे उभी राहिले आणि गुजरातीत वाचायला लागले. कानबाई ही आपल्या गावची, एवढं वाचलं आणि मागून आवाज आला की थांबा.

पलीकडच्या गावचे लोक आले होते, वीस-पंचवीस जण. पुढे काठी टेकत एक आजोबा. त्यांचं म्हणणं असं होतं की कानबाई यांच्या गावची नव्हतीच, ती आमच्या गावची होती. आमच्या फळियातली, म्हणजे आळीतली होती, आणि लिंबाचं झाड आमच्या हद्दीत होतं. खरी गोष्ट मला नंतर कळली: दोन्ही गावांची हद्द पाटी आणि लोचोच्या लारीच्या मधून जात होती, आणि अर्धी दुकानं त्यांच्या बाजूला असूनही कमानीवर नाव एकाच पंचायतीचं होतं. पण भांडण निघालं ते कानबाईवरून. अलीकडचे म्हणाले, पुरावा दाखवा. पलीकडचे म्हणाले, तुम्ही दाखवा. खुर्च्या सरकल्या. मग दोन्हीकडच्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण कागद माझ्या हातात होता.

माझ्या पोटातून हसू वर येत होतं. ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं, तर सरपंचबाईंना वाटलं की मी रडतेय. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. अशी कुणी बाई नव्हतीच, हे सगळं एका रिक्षात झालं, माफ करा. मी माइक तोंडाजवळ ओढला.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. काठी नव्हती, म्हणून पुढच्या खुर्चीचा आधार घेतला, आणि माइकशिवाय, आपल्या बाजारी गुजरातीत म्हणाल्या, “भांडता कशाला? बाईमाणसाला दोन गावं असतात. माहेर तिकडचं, सासर इकडचं.”

मांडवातले सगळेजण मनातल्या मनात हे तपासून बघत होते, आणि कुणालाच त्यात खोट सापडत नव्हती. पहिल्यांदा बायका हसल्या. मग काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी जाहीर केलं की हेच बरोबर आहे, वरात याच रस्त्याने आली होती असं आजी सांगायची. यावर पलीकडचे आजोबा मागे राहणार नव्हते. त्यांनी काठी आपटून सांगितलं की त्या लग्नात आमच्या पणजीने गाणी म्हटली होती. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. कमानीवर दोन्ही गावांची नावं घालायचं तिथल्या तिथे ठरलं, आणि मला तिथेच उभ्याने कागदावर एक ओळ वाढवायला लावली: पलीकडच्या गावची लेक, अलीकडच्या गावची सून.

जेवणाला पुरी, बटाट्याची भाजी आणि मोहनथाळ होता. ताट घेऊन मी काकांच्या शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं की तुमच्या आजी खरंच कानबाईबद्दल बोलायच्या का?

काकांनी पुरीचा घास संपवला. मग म्हणाले, “माझ्या आजीला मी पाहिलंच नाही, बेन. मी जन्मायच्या आधीच गेली ती.”

 त्यांनी मग हळूहळू सांगितलं. आम्ही पाटी लावली त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने राहिलेल्या तुकड्याचा व्यवहार बोलून टाकला होता. घेणाऱ्याने आपल्या नावाचा भलामोठा फलक पाठवून दिला होता, त्याच बांधावर उभा करायला. म्हणजे पुढे त्या जागेला त्याच्याच नावाने ओळखलं गेलं असतं. काका फलक कुठे लावावा ते बघायला मोपेडवरून आले, तर तिथे आमची पिवळी पाटी, खाली दोन गुलाब. कुणाची का असेना, बाई होती, आणि पाणी पाजत होती असं तुझी सासू म्हणाली. मला बरं वाटलं, एवढंच ते म्हणाले. फलक त्यांनी मग लावलाच नाही. मुलाला सांगितलं, वाऱ्याने उडाला. तो मी नंतर त्यांच्या गोठ्यात पाहिला. आडोशाला उभा केला होता. त्यावर एक हसरं कुटुंब बाल्कनीत उभं होतं, आणि एक म्हैस त्या कुटुंबाला पाठ घासत होती.

तुकडा गेला तो गेलाच. आज तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट आहेत. काका संध्याकाळी त्यातल्याच एका दुकानापुढे खुर्ची टाकून बसतात, आणि आत्याबाई कोथिंबीर आणायला गेल्या की तिथे थांबतात. दोघं मिळून कानबाईत भर घालत असतात. परवा आत्याबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, तिला तीन मुली होत्या. मी विचारलं, कुणी ठरवलं? त्या म्हणाल्या, ठरवायचं काय, होत्या.

इतिहास कोरला गेला आणि दगड खांबाला बसला. पहिल्यांदा तो जवळून वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गुजरातीत लेकीला दीकरी म्हणतात. त्यातला दी दीर्घ. त्या दिवशी मांडवात घाईघाईत वाढवलेल्या ओळीत मी तो ह्रस्व लिहिला होता, आणि दगडावर तो तसाच उतरला होता, खोल आणि स्पष्ट. खोट्याशी माझी एव्हाना तडजोड झाली होती; पण शुद्धलेखनाची चूक, तीही संगमरवरात, आणि माझ्या हातची! चार दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी मी सरपंचबाईंच्या यजमानांना गाठलं आणि म्हटलं, माझी चूक झाली आहे, एवढं एक अक्षर दुरुस्त करून घ्या.

ते माझ्याबरोबर कमानीपर्यंत आले. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी मान हलवली आणि मला समजावलं की याला हात लावणं बरं नाही बेन, ही जुनी गोष्ट आहे, त्या काळी लोक असंच लिहायचे.